‘झेल्डा २’मध्ये सेव्ह केलेला खेळ पुन्हा पुन्हा का पुसला जातो : निदान आणि उपाय

‘झेल्डा २ : द अ‍ॅडव्हेंचर ऑफ लिंक’ हा गेम निन्टेन्डोच्या जुन्या एनईएस कन्सोलवर, मूळ कार्ट्रिज (गेमची डबी) लावून खेळणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. रात्री तीन-चार तास बसून दोन महाल सर केलेले असतात, हल्ल्याची लेव्हल वाढवलेली असते, शेवटी ‘सेव्ह’ हा पर्यायही न विसरता निवडलेला असतो. आणि दुसऱ्या दिवशी कन्सोल सुरू करावा तर नावांच्या यादीतली आपली जागा रिकामी असते, किंवा नाव जागेवर असूनही लेव्हल पुन्हा १ वर आलेली असते, किंवा नावाच्या जागी भलतीच अक्षरे उमटलेली असतात. सेव्ह केलेली नोंद कार्ट्रिजमधल्या छोट्या बॅटरीच्या विजेवर टिकते, म्हणून अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘बॅटरी संपली असेल, बदलून टाका’. हा सल्ला कधी बरोबर ठरतो आणि कधी साफ चुकतो, आणि चुकतो तेव्हा त्यात भरून न येणारे नुकसान होते, कारण बॅटरी सुटी करताच आत जे काही शिल्लक असेल तेही जाते.

म्हणून सोल्डरिंग आयर्न हातात घेण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे नक्की करावीत, असा माझा आग्रह आहे : नेमके काय नाहीसे झाले, आणि ते कोणत्या क्षणी नाहीसे झाले? या गेममध्ये सेव्ह जाण्याची कारणे मोजकी आहेत आणि प्रत्येक कारण आपली वेगळी खूण मागे ठेवते. ती खूण ओळखता आली तर निम्म्याहून अधिक काम कार्ट्रिज न उघडताच होते.

बिघाड नसलेली हानी

सुरुवात अशा प्रकारापासून करतो, ज्यात काहीही बिघडलेले नसते. हा गेम वरवर उड्या मारत तलवार चालवण्याचा असला तरी त्याच्या पोटात भूमिकानिष्ठ (रोल-प्लेइंग) खेळांची रचना आहे. शत्रू मारल्यावर अनुभवाचे पॉइंट मिळतात आणि ते साठले की हल्ला, जादू आणि जीवनशक्ती या तिन्हींपैकी एकाची लेव्हल वाढवता येते; प्रत्येकाची कमाल मर्यादा ८ आहे. जीवनशक्तीची पहिली वाढ अवघ्या ५० पॉइंटांत मिळते, जादूची १०० मध्ये आणि हल्ल्याची २०० मध्ये. पुढे हे आकडे झपाट्याने चढतात. हल्ल्याच्या सातव्या लेव्हलसाठी ५,००० आणि आठव्या लेव्हलसाठी ८,००० पॉइंट लागतात.

आता होते असे, की लेव्हल वाढवण्याची संधी समोर आली असतानाही ती नाकारून पॉइंट पुढच्या मोठ्या वाढीसाठी साठवण्याची सोय गेममध्ये आहे, आणि अनेक खेळाडू हल्ल्याची लेव्हल आधी मिळावी म्हणून तसे करतात. त्यात डाव उलटला आणि सगळे जीव संपले, तर साठवलेले पॉइंट शून्यावर येतात. मिळवलेल्या लेव्हल, शिकलेली जादू, सापडलेल्या वस्तू आणि महालांत बसवलेले स्फटिक हे सर्व टिकते. हातातले सुटे पॉइंट मात्र टिकत नाहीत. ज्याने साडेचार हजार पॉइंट जमवले होते त्याला हा प्रकार ‘सेव्ह बिघडली’ असाच वाटतो, आणि त्याचे वाईट वाटणे मला पूर्ण समजते. पण कार्ट्रिजमध्ये दोष नसतो. त्यावर उपाय एवढाच, की सेव्ह नेहमी लेव्हल वाढल्यानंतर लगेच करावी, म्हणजे त्या वेळी गमावण्यासारखे पॉइंट हातात फारसे नसतात.

जागेबद्दलचा गैरसमजही याच वर्गातला. सेव्ह करून पुन्हा सुरू केलेला खेळ, आपण जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात असलो तरी, उत्तरेकडच्या महालात झोपलेल्या राजकन्येपाशीच सुरू होतो. शेवटच्या मोठ्या महालात जीव संपल्यावर ‘कंटिन्यू’ निवडले तर त्याच महालाच्या तोंडाशी उभे राहता येते, ही एक सवलत आहे. पण ती कन्सोल बंद होईपर्यंतच. दुसऱ्या दिवशी सुरुवात पुन्हा उत्तरेकडच्या महालातून होते. सेव्ह जागा लक्षात ठेवत नाही, फक्त कमाई लक्षात ठेवते.

थोडक्यात, यादीत नाव आहे, लेव्हल बरोबर आहे, वस्तू जागेवर आहेत आणि केवळ पॉइंट किंवा ठिकाण गेले आहे, असे असेल तर पुढचे काहीही करण्याची गरज नाही.

बंद करण्याची पद्धत

खऱ्या नुकसानीचे जे कारण मला सर्वांत जास्त वेळा आढळते ते बॅटरीचे नसून कन्सोल बंद करण्याच्या पद्धतीचे आहे. जीव संपल्यावर ‘कंटिन्यू’ आणि ‘सेव्ह’ हे दोन पर्याय ज्या पडद्यावर येतात, त्याच पडद्यावर खाली एक सूचना असते, की रीसेटचे बटण दाबून धरून मग वीज बंद करावी. ती वाचली जाते, पण ती औपचारिक सूचना असावी असे समजून सोडून दिली जाते. प्रत्यक्षात संपूर्ण सेव्हची सुरक्षितता त्या एका ओळीवर उभी आहे.

त्यामागचे कारण समजले की ते विसरणे कठीण होते. एनईएस हा कन्सोल ५ व्होल्टवर चालतो. वीज बंद केल्यावर हा विजेचा दाब (व्होल्टेज) एका झटक्यात शून्यावर येत नाही. तो क्षणभर उतरत राहतो, आणि त्या उतरणीवर असलेल्या प्रोसेसरचे वागणे भरवशाचे नसते. तो चुकीच्या सूचना वाचू शकतो, आणि त्यातली एखादी सूचना ‘या ठिकाणी हे लिही’ अशी निघाली, आणि ते ठिकाण सेव्हच्या स्मृतीत पडले, तर आपल्या नोंदीवर भलताच आकडा उमटतो. रीसेट दाबलेले असताना प्रोसेसर थांबवून ठेवलेला असतो. तो काही वाचत नाही आणि काही लिहीतही नाही. म्हणजे वीज उतरण्याच्या धोक्याच्या क्षणी आपण प्रोसेसरचे हात बांधून ठेवतो.

यात फसवे असे, की चूक केली तरी प्रत्येक वेळी शिक्षा होत नाही. दहा वेळा नुसते पॉवरचे बटण दाबून बंद केले आणि नऊ वेळा काही झाले नाही, तर दहाव्या वेळी सेव्ह गेल्यावर संशय साहजिकच बॅटरीवर जातो. ‘कधी राहते, कधी जाते’ अशी तक्रार ऐकली की मी पहिला प्रश्न बंद करण्याबद्दल विचारतो. नावाच्या जागी विचित्र अक्षरे दिसणे, यादीतल्या तीनपैकी एकच जागा खराब होणे, नाव टिकून लेव्हल किंवा वस्तू बदललेल्या दिसणे, या सगळ्या खुणा याच बाजूला बोट दाखवतात. संपलेली बॅटरी अशी निवड करत नाही. ती गेली की तिन्ही जागा एकदम जातात.

कृती नीट सांगतो, कारण तिचा क्रम महत्त्वाचा आहे. समोरून झाकण उघडणाऱ्या कन्सोलवर पॉवर आणि रीसेट ही दोन बटणे शेजारी-शेजारी आहेत, डावीकडे पॉवर आणि उजवीकडे रीसेट. उजव्या हाताच्या मधल्या बोटाने रीसेट पूर्ण आत दाबावे आणि तसेच धरून ठेवावे. मग तर्जनीने पॉवरचे बटण दाबावे. ते टक् आवाज करून बाहेर येते आणि लाल दिवा विझतो. दिवा विझल्यावरही रीसेटवरचे बोट लगेच उचलू नये, मनात एक-दोन अंक मोजून मग उचलावे. ज्यांचा हात घाईत आधी पॉवरवर जातो आणि मागाहून रीसेटवर, त्यांना रीसेट दाबल्याचे समाधान मिळते, पण उपयोग काहीच होत नाही, कारण धोक्याचा क्षण तोवर उलटून गेलेला असतो.

याला जोडूनच एक सोय सांगायला हवी, कारण ती माहीत नसल्यामुळे अनेक जण सेव्ह न करताच कन्सोल बंद करतात. सेव्हच्या पडद्यावर जाण्यासाठी जीव संपवण्याची गरज नाही. दुसऱ्या जागेत दुसरा कंट्रोलर जोडावा, खेळ स्टार्टच्या बटणाने थांबवावा आणि दुसऱ्या कंट्रोलरवर ‘वर’ची दिशा आणि ‘ए’ ही दोन बटणे एकदम दाबावीत. ‘कंटिन्यू’ आणि ‘सेव्ह’चा तोच पडदा समोर येतो. ज्यांच्याकडे एकच कंट्रोलर आहे त्यांना ही वाट बंद असते, आणि तेवढ्यासाठी का होईना, दुसरा कंट्रोलर जवळ असावा असे माझे मत आहे.

लुकलुकणारा पडदा

कन्सोल सुरू केल्यावर पडदा आणि लाल दिवा साधारण सेकंदाला एकदा लुकलुकत असेल, तर सेव्हची चर्चा तिथेच थांबवून आधी संपर्क साफ करावेत. एनईएसमध्ये एक सुरक्षा-चिप असते आणि तिची जोडीदार चिप कार्ट्रिजमध्ये असते. त्या दोघींचा संवाद जुळला नाही तर कन्सोल स्वतःला पुन्हा पुन्हा रीसेट करतो, आणि तो बहुधा जुळत नाही तो कार्ट्रिजच्या ७२ संपर्कपट्ट्या आणि कन्सोलमधला जोड यांच्यातल्या मळामुळे किंवा ढिलेपणामुळे. संपर्क तुटक असताना प्रोसेसरला येणाऱ्या सूचनाही तुटक असू शकतात, आणि त्यातून वर सांगितलेलाच धोका उद्भवतो. ९० टक्क्यांहून अधिक शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पट्ट्या दोन्ही बाजूंनी पुसाव्यात, काडी काळी यायची थांबेपर्यंत पुसाव्यात, आणि पूर्ण सुकल्यावरच कार्ट्रिज लावावे. कार्ट्रिजमध्ये तोंडाने फुंकर मारण्याची सवय सोडून द्यावी. श्वासातली आर्द्रता त्या पट्ट्यांना गंज चढवते. कन्सोल चालू असताना कार्ट्रिज काढणे किंवा हलवणे हे तर कधीच करू नये.

न उघडता करायची चाचणी

बंद करण्याची पद्धत सुधारली, पट्ट्या साफ केल्या, आणि तरीही सेव्ह जात असेल, तर बॅटरीकडे वळण्याआधी एक संध्याकाळ आणि एक रात्र एवढा वेळ पुढील चाचणीला द्यावा. यादीतल्या मोकळ्या जागेत नवे नाव नोंदवावे, जीवनशक्तीची पहिली वाढ मिळेपर्यंत, म्हणजे ५० पॉइंट होईपर्यंत, खेळावे आणि सेव्ह करावे. ही वाढच आपली खूण. नुसते नाव टिकले की नाही एवढे न पाहता, त्यामागची लेव्हलही टिकली का, हे तिच्यामुळे कळते.

सेव्ह केल्यावर आधी वीज बंद न करता फक्त रीसेट दाबून सोडावे आणि यादी पाहावी. इथेच नोंद दिसली नाही तर बॅटरीचा काही संबंध नाही, कारण कन्सोल चालू असताना स्मृतीला वीज कन्सोलकडूनच मिळते; दोष लिहिण्याच्या वाटेत किंवा स्मृतीच्या चिपमध्ये आहे. नोंद दिसली, तर रीसेट धरून वीज बंद करावी, कार्ट्रिज काढून दहा मिनिटे बाजूला ठेवावे आणि पुन्हा पाहावे. इथे तिन्ही जागा कोऱ्या झाल्या असतील तर स्मृतीपर्यंत बॅटरीची वीज पोहोचतच नाही असे समजावे. दहा मिनिटे टिकली, तर रात्रभर ठेवावे. दहा मिनिटे टिकते पण रात्रभर टिकत नाही, किंवा गार खोलीत जाते आणि उबदार खोलीत राहते, अशी नोंद म्हणजे बॅटरी शेवटच्या टप्प्यात असल्याचे जवळजवळ खात्रीचे लक्षण. रात्रभरही टिकली तर बॅटरीला हात लावू नये, आणि बंद करण्याच्या सवयीवरच पुन्हा लक्ष द्यावे.

बॅटरी : किती वर्षे, आणि का

कार्ट्रिजमध्ये ८ किलोबाइटची स्मृती असते आणि तिला वीज मिळत राहिली तरच ती लिहिलेले धरून ठेवते. कन्सोल बंद असताना ही वीज ३ व्होल्टचा सीआर२०३२ जातीचा लिथियम सेल पुरवतो, तोच चपटा नाण्याएवढा सेल जो आज असंख्य उपकरणांत असतो. त्याची क्षमता साधारण २२० मिलीअँपिअर-तास. स्वस्थ पडून असलेली स्मृती फारच थोडी वीज खाते. ती सरासरी एक मायक्रोअँपिअर धरली तर हिशेब २,२०,००० तासांचा, म्हणजे सुमारे २५ वर्षांचा होतो. एनईएसवर हा गेम १९८८ साली आला. म्हणजे कागदावरच्या या हिशेबाने पहिल्या कार्ट्रिजमधल्या सेलचे आयुष्य २०१३ च्या आसपास सरते. प्रत्यक्षात स्मृतीची चिप किती वीज खाते आणि सेल मुळात कसा होता यावर काळ पुष्कळ मागेपुढे होतो, त्यामुळे काही मूळ सेल अजून तग धरून आहेत आणि काही कधीच गेले. कार्ट्रिजचे वय पाहून निकाल देऊ नये, चाचणी करूनच द्यावा, असे मी म्हणतो ते यासाठी.

बॅटरी बदलायचीच असे ठरले आणि आत एखादी जपण्यासारखी नोंद अजून शिल्लक असेल, तर कार्ट्रिज वाचणाऱ्या उपकरणाने ती ८ किलोबाइटची नोंद आधी संगणकावर उतरवून घ्यावी आणि नंतर परत लिहावी. वीज चालू ठेवून सेल बदलण्याच्या युक्त्या काही जण सांगतात. मी त्या सुचवणार नाही, कारण एक पुसट चूक झाली तर नोंदीबरोबर चिपही जाऊ शकते.

उघडण्यासाठी मागच्या बाजूचे तीन स्क्रू काढावे लागतात. ते साध्या स्क्रू-ड्रायव्हरने निघत नाहीत, त्यांना ३.८ मिलिमीटरचा पोकळ तोंडाचा खास बिट लागतो. प्लॅस्टिकचे पेन वितळवून त्यावर बसवणे वगैरे प्रकार करू नयेत. सोनेरी आवरणाच्या कार्ट्रिजवर ओरखडा पडला की तो कायमचा राहतो. स्क्रू निघाल्यावर खालची बाजू किंचित उचलून आवरण वरच्या कडेकडे बिजागरीसारखे उघडावे, कारण वरच्या कडेला प्लॅस्टिकच्या खाचा गुंतलेल्या असतात आणि सरळ ओढले तर त्या तुटतात.

सेल दिसला की मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याच्या दोन पत्र्यांवर टोके टेकवावीत. नवा सेल ३.२ च्या आसपास दाखवतो. लिथियम सेलचा स्वभाव असा, की तो आयुष्यभर जवळपास तेवढाच दाब देतो आणि अगदी शेवटी घसरतो, त्यामुळे ३.० हा आकडा ‘सेल ठीक आहे’ एवढेच सांगतो, अजून किती वर्षे चालेल ते सांगत नाही. अशा प्रकारच्या स्मृतीला नोंद धरून ठेवण्यासाठी साधारण किमान २ व्होल्ट लागतात, आणि वाटेतल्या डायोडवर (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागावर) थोडा दाब खर्च होतो, म्हणून २.६ किंवा त्याखालचा आकडा दिसला तर मी सेल बदलतो.

नवा सेल घेताना पत्रे जोडलेला सीआर२०३२ च घ्यावा. सुट्या सेलवर थेट सोल्डर करणे धोक्याचे आहे. उष्णतेने लिथियम सेल फुटू शकतो. त्याच आकाराचा रिचार्ज होणारा सेलही घेऊ नये, कारण त्याचा दाब वेगळा असतो आणि या बोर्डवर तो चार्ज करण्याची सोय नाही. उलट डायोड असतो तो कन्सोलची वीज सेलमध्ये शिरू नये म्हणूनच. काढण्यापूर्वी धन आणि ऋण बाजूंचे छायाचित्र घेऊन ठेवावे. आयर्न साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवून बोर्डच्या मागच्या बाजूने जुना सोल्डर तांब्याच्या वेणीने शोषून घ्यावा. ऋण बाजूचा बिंदू तांब्याच्या मोठ्या पट्ट्याला जोडलेला असल्याने उष्णता पिऊन टाकतो आणि उशिरा सुटतो. तिथे जोर करून पत्रा ओढला तर बोर्डवरचा तांब्याचा थर उखडतो. सोल्डर पूर्ण सुटेपर्यंत थांबणे एवढेच तिथे करायचे असते.

नवी बॅटरी टाकूनही सेव्ह जाते तेव्हा

इथे एक उदाहरण देतो. माझ्याकडे आलेल्या एका कार्ट्रिजमध्ये आधीच्या कोणीतरी नवा सेल टाकलेला होता, पण सोल्डर न करता जुन्या पत्र्यांच्या मध्ये खोचून त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. सेलवर मल्टीमीटर लावला तर आकडा स्वच्छ ३.१. तीच टोके बोर्डच्या मागे, जिथे पत्रे सोल्डर केलेले होते त्या दोन बिंदूंवर लावली आणि बोर्ड बोटाने हलकेच दाबला, तर आकडा ३.१ वरून ०.४ वर, पुन्हा ३.१ वर, असा उड्या मारू लागला. चिकटपट्टीचा गोंद पाघळून पत्रा आणि सेल यांच्या मध्ये शिरला होता. कार्ट्रिज कन्सोलमध्ये दाबून बसवताना होणाऱ्या हालचालीतच वीज क्षणभर तुटत होती, आणि स्मृतीतली नोंद जायला एक क्षणही पुरतो. चिकटपट्टी काढली, बिंदू साफ केले, पत्रे असलेला सेल नीट सोल्डर केला, आणि त्या कार्ट्रिजची तक्रार मिटली.

म्हणून नवा सेल टाकल्यावर मोजमाप सेलवर न करता बोर्डवर करावे, आणि शक्य असेल तर स्मृतीच्या चिपच्या वीज घेणाऱ्या पायापाशी करावे. सेलपाशी ३ पेक्षा अधिक आणि चिपपाशी २ च्याही खाली असे असेल, तर मधला डायोड, रोध (रेझिस्टर) किंवा सोल्डरचा सांधा यांपैकी एक दोषी आहे. कडेला बारीक गोल भेग दिसणारा सांधा पुन्हा वितळवून भरला की पुष्कळदा काम होते. चिपपाशीही दाब योग्य आहे, पट्ट्या स्वच्छ आहेत, रीसेट नीट धरले जाते आहे, आणि नोंद तरीही रात्रभर टिकत नाही, तेव्हाच स्मृतीच्या चिपवर संशय घ्यावा. तो प्रसंग विरळा.

बॅटरीच नको म्हणून काही जण मूळ चिपच्या जागी विजेविना नोंद धरणारी एफरॅम चिप बसवतात. बॅटरीचा प्रश्न त्याने कायमचा मिटतो, पण उतरत्या विजेवर प्रोसेसरकडून होणारे चुकीचे लेखन त्या चिपवरही होऊ शकते. रीसेट धरण्याची सवय तिथेही सोडता येत नाही.

सेल बदलल्यानंतर पहिल्यांदा कन्सोल सुरू केल्यावर यादीत वेडीवाकडी अक्षरे दिसली तर घाबरू नये. स्मृतीत त्या वेळी काहीही भरलेले असू शकते. ‘एलिमिनेशन मोड’मध्ये जाऊन तिन्ही जागा पुसाव्यात, नवे नाव नोंदवावे आणि वरची चाचणी पुन्हा पहिल्यापासून करावी.

इतर आवृत्त्या

हा गेम मुळात जपानमध्ये १४ जानेवारी १९८७ रोजी फॅमिकॉम डिस्क सिस्टिमसाठी (एनईएसच्या जपानी रूपाला, म्हणजे फॅमिकॉमला, जोडायच्या डिस्क ड्राइव्हसाठी) आला, आणि त्या आवृत्तीत नोंद चुंबकीय डिस्कवर होते. तिथे बॅटरी नाही. तिथली नेहमीची अडचण ड्राइव्हमधल्या रबरी पट्ट्याची असते, जो वर्षांनुवर्षांनी सैल पडतो किंवा चिकट होऊन विरघळतो, आणि मग लिहिणे-वाचणे अर्धवट होते. ड्राइव्हचा लाल दिवा चालू असताना डिस्क काढू नये. त्या आवृत्तीत आणखी एक नियम वेगळा आहे, जो बिघाडासारखा भासतो : खेळ संपल्यावर तिन्ही लेव्हल सर्वांत खालच्या लेव्हलच्या बरोबरीला आणल्या जातात. हल्ला ५, जादू ४ आणि जीवनशक्ती २ असेल तर परतताना तिन्ही २ होतात. त्यामुळे डिस्कवर खेळताना एकच गुण पुढे रेटण्यापेक्षा तिन्ही सोबत वाढवलेले बरे.

फ्लॅश कार्ट्रिजवर (मेमरी कार्डवरून गेम चालवणाऱ्या कार्ट्रिजवर) खेळणाऱ्यांनी आपल्या कार्ट्रिजची सेव्ह कधी मेमरी कार्डवर उतरते ते तपासावे. काहींमध्ये वीज बंद करण्याआधी रीसेट दाबून मेनूत परत आले तरच ती उतरते. इम्युलेटरवर (कन्सोलची नक्कल करणाऱ्या संगणकावरच्या प्रोग्रॅमवर) मात्र अडचण वेगळीच असते. तिथे गेममधली सेव्ह आणि इम्युलेटरचा थांबा-बिंदू (सेव्ह स्टेट) अशा दोन नोंदी समांतर चालतात, आणि थांबा-बिंदू हा साधारणपणे त्या क्षणीच्या संपूर्ण स्मृतीची प्रत असतो, सेव्हच्या ८ किलोबाइटसह. सोमवारी थांबा-बिंदू केला, मंगळवारी गेममध्ये सेव्ह केली आणि बुधवारी सोमवारचा बिंदू उघडला, तर मंगळवारची सेव्ह त्याखाली गाडली जाते. दोहोंपैकी एकच पद्धत ठरवून घ्यावी. आणि गेममधली सेव्ह निवडली असेल तर सुरुवात दर वेळी शीर्षकाच्या पडद्यावरून करावी.

कार्ट्रिज पुन्हा बंद करण्याआधी एक काम राहते. कागदाच्या छोट्या चिठ्ठीवर सेल बदलल्याची तारीख आणि त्या दिवशी बोर्डवर मोजलेला दाब पेन्सिलीने लिहून ती आवरणाच्या आतल्या बाजूला, बोर्डाला लागणार नाही अशा जागी, चिकटवावी. पुढच्या वेळी नोंद गेली आणि चिठ्ठीवरची तारीख दोन वर्षांपूर्वीची निघाली, तर सेल सोडून सांधे आणि पट्ट्यांपासून तपासायला सुरुवात करता येते.